पिवळ्या लोकरीची कलमं

नर्सरीत गेलं की माणूस आधी पानं बघतो. पानं हिरवीगार, शेंड्याला नवी पालवी, की रोप आवडलं. मीही तेच बघायची. फरक इतकाच की मला त्याचा पगार मिळायचा.

मी कृषी खात्यात होते. ठाण्यापासून कसाऱ्याच्या दिशेला जेवढ्या नर्सऱ्या आहेत, त्या तपासणं हे माझं काम. विकायला निघालेल्या झाडांत रोग आहे का, आज दिसत नसला तरी पुढे काय घोळ घालू शकेल, याचा अंदाज घ्यायचा आणि दाखला द्यायचा किंवा अडवायचा. ऐकायला हे फार किरकोळ वाटतं. घरच्यांना तर मी दिवसभर कुंड्यांमधून हिंडून येते असंच वाटायचं. पण आजारी माणूस एका घरात पडून राहतो. आजारी कलम टेम्पोत बसून दहा गावांना जातं आणि तिथल्या जमिनीत उतरतं. कलम एक वेळ उपटाल, जमीन कुठे नेऊन टाकाल?

माजिवड्याच्या एका टॉवरच्या सेक्रेटरींनी मला एकदा बोलावलं होतं. परराज्यातून ट्रेलरवर चाफ्याची मोठमोठी झाडं आणली होती, दुसऱ्या दिवशी बागेचं उद्घाटन होतं. "मॅडम, तुम्ही नुसतं लांबून बघा आणि सही करा," ते म्हणाले. मी लांबून बघितलं, झाडं देखणी होती. मग जवळ जाऊन बुंध्याचं गोणपाट सोडलं. आतली मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती आणि शिळ्या ताकासारखा वास मारत होती.

"पण फुलं तर आलीत की," सेक्रेटरी म्हणाले.

"मरायच्या आधी येतात पुष्कळदा," मी म्हणाले आणि ट्रेलर परत पाठवला.

त्या वाक्यावर मी इतकी खूश होते की पुढचे सहा महिने भेटेल त्याला ते ऐकवत होते. पन्नाशीची झाले होते, घरात पहिली नात आली होती, निवृत्तीला आठ वर्षं होती, आणि आपल्याला आता सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. ती बाई आज समोर आली तर मी तिच्या डोक्यात टपली मारीन. का, ते सांगते.

पेरूच्या कलमांना मुळातल्या गाठींचा एक रोग होतो. तो करणारा किडा इतका सूक्ष्म, की शंभर जण एका ढेकळात राहत असले तरी डोळ्यांना पत्ता लागत नाही. त्याला सूत्रकृमी म्हणतात. तो मुळात शिरतो, मुळाला ठिकठिकाणी गाठी येतात आणि झाडाचं खाणंपिणं तुटतं. कलम पिशवीत असेपर्यंत खतपाण्यावर छान तरारलेलं दिसतं. शेतात पहिलं वर्षही बरं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, ऐन फळं धरायच्या वेळी, पानं तांबूस होतात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. एकदा शिरला की खात्रीचा इलाज नाही. म्हणून त्याला नर्सरीतच पकडायचं.

त्यासाठी नियम साधा होता. ओळीओळीतून कलमं उचलायची, काळी पिशवी फाडायची, मुळं बादलीत धुऊन बघायची. धुतलेलं कलम अर्थातच फुकट जातं. नर्सरीवाल्याच्या ते जिवावर येतं. मुलासारखी वाढवलेली कलमं आपल्या डोळ्यांसमोर कुणी सोलतंय, हे बघताना त्यांचे चेहरे बघवत नसत.

मग मी माझी स्वतःची पद्धत काढली. पिशवीला बाजूने एक चीर द्यायची, खुरपी आत घालून मूठभर माती आणि दोन-चार मुळं काढायची, बघायची, माती परत भरायची, चिकटपट्टी लावायची. पुढच्या फेरीला तीच कलमं पुन्हा बघता यावीत म्हणून खोडाला पिवळी लोकर बांधायची. लोकर नातीच्या टोपड्याची उरलेली. कलम वाचायचं, नर्सरीवाला खूश, आणि मी तर काय, स्वतःवर जन्माची खूश. साहेबांना सांगितलं तेव्हा ते मोबाइलमधून मान वर न काढता "बरंय" म्हणाले. मी ती परवानगी समजले.

खुरपी माझ्या पर्समध्येच असायची. लाकडी मुठीची, हाताला बसलेली. एका नर्सरीतून दुसऱ्या नर्सरीत जाताना मी ती फडक्याने पुसायची. पुसायची, एवढंच.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी एका दिवसात दोन नर्सऱ्या केल्या. सकाळी शहाडला. तिथल्या शेठकडे बाहेरून ट्रक भरून पेरूची कलमं आली होती आणि मोठ्या पिशव्यांत नव्याने भरून ठेवली होती. मी चिरा दिल्या, खुरपी घातली, मुळं हातावर घेऊन बघितली. वाचायचा चष्मा पर्समध्ये होता. चार माणसांत चष्मा लावायची मला तेव्हा लाज वाटे, आजी दिसायला लागते म्हणून. आजी तर मी होतेच. मुळं मला छान दिसली. दाखला दिला.

दुपारी खडवलीला दामूदादांकडे गेले. दामूदादा आधी वीटभट्टीवर मुकादम होते. माती हातात घेऊन तिच्यात किती वाळू आहे हे सांगणारा माणूस. त्यांनी नदीच्या अंगाला दीड एकरात नर्सरी काढली होती आणि त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांना मोठी मागणी आली होती. मुरबाडच्या बाजूच्या शेतकऱ्यांच्या एका गटाला पेरूची तीन हजार कलमं हवी होती. एक एक कलम त्यांच्या बायकोने, हिरावहिनींनी, स्वतः बांधलं होतं. मी तिथेही चिरा दिल्या, खुरपी घातली, चाळीस कलमांना पिवळी लोकर बांधली, वहिनींच्या हातचं कोकम सरबत प्यायले आणि घरी आले.

दोन महिन्यांनी, कलमं भरायच्या आदल्या दिवशी, मी अखेरचा दाखला द्यायला पुन्हा खडवलीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरबाडहून टेम्पो येणार होते. शेतकऱ्यांचे खड्डे खणून, शेणखत घालून तयार होते. दामूदादांनी माझ्यासाठी शेडनेटखाली खुर्ची मांडली होती. त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून चष्मा डोळ्यांवर होता. डोकेदुखीचे उपकार.

लोकरीच्या पहिल्या कलमाच्या पिशवीची चिकटपट्टी काढली. मुळं बाहेर आली आणि माझा हात थांबला. मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या, माळेसारख्या ओळीने.

मी बादली मागवली. ते कलम पूर्ण सोललं, धुतलं. गाठीच गाठी. दुसरं उचललं, तेही तसंच. तिसरं, तसंच.

"काय झालंय, मॅडम?" दामूदादांनी विचारलं.

"दादा, ही कलमं जाणार नाहीत."

ते हसले. मी चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी माझ्या हातातलं मूळ बघितलं आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर वाळलं.

"आमची माती तापवलेली हाय, मॅडम. मार्चभर उन्हात प्लास्टिकखाली ठेवलेली. तुमीच सांगितलेलं."

"मग गाठी आल्या कुठून? खरं सांगा, तीन हजार भरत नव्हती म्हणून बाहेरून थोडी आणलीत ना?"

हे मी मोठ्या आवाजात विचारलं. नर्सरीत काम करणाऱ्या दोन बायका हातातलं टाकून बघायला लागल्या. दामूदादांनी मान खाली घातली. ती अपमानाने खाली गेली होती, आणि मला तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला.

हिरावहिनी पुढे आल्या. त्यांनी बादलीशेजारचं एक कलम उचललं आणि कलमाच्या जोडावर बांधलेली प्लास्टिकची पट्टी माझ्या नाकासमोर धरली. "मी डावरी हाय, मॅडम. माझी पट्टी अशी उलटी फिरते. दुसऱ्या कोनाची अशी नसंल. बघा समदी."

मी बघितली. सगळ्या पट्ट्या उलट्या फिरलेल्या होत्या. कलमं तिथलीच होती.

मग मी पिशव्या फाडत सुटले. इथलं एक, तिथलं एक. वहिनी माझ्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. धुतलेलं प्रत्येक कलम माझ्या हातातून घेऊन त्या बाजूला ठेवत होत्या. अर्धा तास हेच चाललं. माझ्या ध्यानात यायच्या आधी त्यांच्या बाजूला दोन ढीग झाले होते, एक गाठींचा आणि एक स्वच्छ मुळांचा.

"मॅडम," वहिनी म्हणाल्या, "ह्या ढिगातल्या समद्यांना तुमची लोकर हाय."

मी ढिगाकडे बघितलं. गाठीवाल्या प्रत्येक खोडावर पिवळा फेरा होता. स्वच्छ ढिगात एकही नव्हता.

खुरपी माझ्या मांडीवर होती. सकाळी शहाड, दुपारी खडवली. मी आतल्या आत तो सगळा दिवस उलटा चालून आले. शहाडच्या पिशवीतली माती, फडकं, पर्स, खडवलीची चीर. चाळीस कलमांना मी स्वतःच्या हाताने रोग टोचला होता आणि हिशोब चुकू नये म्हणून वर खूणही बांधून ठेवली होती.

"माझ्या खुरपीतून आलंय," मी म्हणाले. आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.

दामूदादा माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मग लोकरवाली चाळीस जाळून टाकू. बाकीची जाऊ द्या. खुरपीचं आपन तिघांशिवाय कोनाला म्हाईत हाय?"

मोह कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. तो वाईट माणसाच्या तोंडून येत नाही. त्या वाटेने त्यांचा मोसम वाचत होता, माझी नोकरी वाचत होती, शेतकऱ्यांचे खड्डे भरत होते. मी जवळजवळ हो म्हणणार होते. तेवढ्यात माझी नजर ओल्या जमिनीवर गेली. वहिनी रोज झारीने पाणी घालायच्या, आणि ते एका पिशवीच्या भोकातून निघून शेजारच्या पिशवीखाली जात होतं. मी लोकरीच्या कलमाला खेटून असलेलं एक बिनलोकरीचं उचललं, सोललं, धुतलं. बराच वेळ काही दिसेना. मग एका टोकाला दिसली. एकच गाठ, मोहरीएवढी.

"बघू," म्हणत दामूदादा वाकले आणि खाली बसले ते बसलेच.

मी साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "कारणात माती लिहा आणि मोकळ्या व्हा. त्याची नर्सरी वर्षभर बंद राहील, नंतर सुटेल. तुमची चौकशी लागली तर ती तुमच्या निवृत्तीपर्यंत चालेल."

मी ताडकन नाही म्हणाले असं इथे लिहिलं तर छान दिसेल. मी म्हणाले, "विचार करते."

विचार मी खुर्चीत बसून केला. समोर दामूदादा मातीत बसलेले, आणि वहिनी धुतलेल्या निरोगी कलमांची मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळत होत्या. ती जगणार नाहीत हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी गुंडाळत होत्या.

अहवालाच्या कागदावर एक रकाना असतो, 'रोगाचा संभाव्य स्रोत'. त्यात मी लिहिलं, 'तपासणी अधिकाऱ्याची खुरपी. सदर अधिकारी मी स्वतः.' खाली सही केली. सर्व कलमं प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत थांबवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन टेम्पो आले. पंधरा-वीस शेतकरी उतरले. त्यांना तोंड द्यायला दामूदादांना पुढे करायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. बादलीतली मुळं दाखवून मी सगळं सांगितलं. खुरपीसकट.

"म्हंजी डॉक्टरीणबाईच साथ घेऊन फिरत व्हत्या," एक म्हातारे म्हणाले. दोघे-तिघे हसले. मला ते हसणं बरं वाटलं, कारण बाकीचे हसत नव्हते.

मागे एकनाथ नावाचा एक तरुण शेतकरी उभा होता. त्याने विचारलं, "मॅडम, रोग शहाडच्या कलमांतून आला म्हणता. शहाडची दोनशे कलमं मी गेल्या आठवड्यात लावलीत. त्या दाखल्यावर पण तुमचीच सही आहे."

मी त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून शहाडला गेले. शेठने माझा दाखला प्लास्टिकमध्ये घालून गल्ल्यामागे लावला होता. चष्मा लावून मी तिथल्या पिशव्या फाडल्या. वरची नवी माती झडली, आतला मुळांभोवतीचा जुन्या मातीचा गड्डा निघाला, आणि त्यात गाठींचं नुसतं रान होतं. उरलेली कलमं मी तिथल्या तिथे थांबवली. गेलेल्यांची यादी मागितली. शेठ म्हणाले, "अर्धं गिऱ्हाईक नाव सांगतच नाही, मॅडम. आणि तुमचा दाखला होता म्हणून तर घेऊन गेले."

परत निघताना मी एकनाथला म्हणाले, "आजच उपटून टाक. रोग मातीत पसरायच्या आत."

"पाऊस लागून आता कुठे जीव धरलाय त्यांनी," तो म्हणाला. "तुमच्या एका सहीवर लावली, आता तुमच्या एका शब्दावर उपटू?"

त्याने उपटली नाहीत. मीही त्याच्या जागी उपटली नसती.

प्रयोगशाळेचा निकाल नवव्या दिवशी आला. ते नऊ दिवस मी जेवले काय, बोलले काय, मला आठवत नाही. दामूदादा रोज सकाळी फोन करायचे आणि "काय नाय ना अजून?" एवढंच विचारून ठेवायचे. निकाल असा, की लोकरीच्या कलमांभोवतीच्या दोन-दोन ओळी बाधित, बाकीची स्वच्छ. जवळजवळ हजार कलमं गेली. शेतकरी पुन्हा टेम्पो घेऊन आले आणि राहिलेली कलमं घेऊन गेले. नर्सरी बंद झाली नाही.

हजार कलमं जाळली त्या दिवशी मी खडवलीला होते. उचलून द्यायला. वहिनी एक एक कलम आगीत टाकायच्या आधी जोडावरच्या पट्टीवरून अंगठा फिरवत होत्या. मध्येच लोकर जळाल्याचा वास आला, अगदी केस जळल्यासारखा. तो माझ्या नाकातून अजून गेलेला नाही.

माझी चौकशी झाली. मेमो मिळाला, बढती हुकली, दोन वर्षं टेबलावर बसवलं. ते ठीकच होतं. एकनाथचं मात्र ठीक झालं नाही. तिसऱ्या वर्षी मी आपणहून त्याच्या शेतावर गेले. पानं तांबूस झाली होती, फांद्यांवर सुपारीएवढी फळं तशीच वाळून लटकत होती. त्याने मला बसायला दिलं, पाणी दिलं. मग म्हणाला, "जाळायला पण दाखला लागतो का, मॅडम?" मी नाही म्हणाले. "बरं झालं," तो म्हणाला.

टेबलावरून सुटून पुन्हा नर्सऱ्यांवर जायला लागले तेव्हा पहिली फेरी खडवलीची होती. मी खुरपी घरीच ठेवली होती. वहिनींनी छपरीतून एक नवी खुरपी आणून माझ्या हातात दिली. तिच्या मुठीला पिवळी लोकर गुंडाळलेली होती.

"ही हितंच ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "तुमी हात हलवत यायचं न् हात हलवत जायचं."

मी ती गोष्ट पुढच्या नर्सरीत सांगितली, मग त्यापुढच्या. परिपत्रक कधी निघालं नाही. पण हळूहळू आमच्या पट्ट्यात प्रत्येक नर्सरीने स्वतःची खुरपी खुंटीला टांगून ठेवायला सुरुवात केली आणि दारात औषधाच्या पाण्याचा टप आला. काहींनी मुठीला पिवळी लोकर बांधली, काहींनी पिवळी वायर. का बांधायची ते बहुतेकांना माहीत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या हातून झालेलं सगळ्यात टिकाऊ काम ते हेच, आणि तेही माझ्या चुकीतून झालेलं.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन खडवलीला गेले होते. टोपड्याची मालकीण आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. गॅलरीत लावायला तिला पेरू हवा होता. दामूदादा बाजारात गेले होते, हिरावहिनी कलमं बांधत बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर खात्याची नवी तपासणी अधिकारी उभी होती. तरतरीत मुलगी, डोळ्यांवर चष्मा. बरं वाटलं. मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, थांबा. आधी त्या टपात पाय बुडवा. आणि पिशव्यांना हात लावू नका हं."

"का गं?"

"मातीतून रोग पसरतो. लोकांना कळत नाही."

"खरंच कळत नाही," मी म्हणाले आणि चपलांसकट टपात उभी राहिले. नात तोंडावर हात धरून हसत होती.

त्या मुलीने खुंटीवरची खुरपी काढली, मुठीकडे बघितलं आणि वहिनींना विचारलं, "मावशी, सगळीकडे ही पिवळी लोकर का असते हो?"

वहिनींनी हातातलं कलम संपवलं. पट्टीचा शेवटचा उलटा फेरा दिला, टोक खोचलं.

"एक बाई व्हती," त्या म्हणाल्या. "सोताला लय हुशार समजायची."

"मग?"

"मग काय," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता टपात उभी हाय."